तळ्याला एक चक्कर

फिनलंडमधल्या सावोनलिन्नाला राहायला आले त्या पहिल्याच शनिवारी शेजारच्या आजोबांना विचारलं, "या तळ्याला चालत एक चक्कर मारायची तर किती वेळ लागेल?"

माझ्या मते प्रश्न अगदी साधा होता. तळं दिसलं की त्याला चक्कर मारायची, ही आपल्याकडची रीत. कोल्हापूरचा रंकाळा असो नाहीतर ठाण्याची तलावपाळी, संध्याकाळी माणसं त्याच कामाला आलेली असतात. त्यातून मी वाईची. आमच्याकडे पाणी म्हणजे कृष्णा आणि कृष्णेला दोन काठ. घाटावर उभं राहून पलीकडच्या माणसाला हाक मारली तर तो वळून बघतो. पाण्याला अलीकड असतं तसं पलीकडही असतं, यात विचारण्यासारखं काही आहे असं मला तोवर वाटलंच नव्हतं.

आजोबा बर्चच्या लाकडाच्या फोडी रचत होते. हातातलं लाकूड तसंच धरून म्हणाले, "कुठल्या तळ्याला?"

मी समोर बोट दाखवलं. पाणी, आणि त्यापलीकडे झाडांची काळपट हिरवी रेघ.

"हे हापावेसी. गावातल्या पुलाखालून गेलं की पिहलायावेसी. म्हणजे तसं सगळं सायमाच." मग बराच वेळ विचार करून, "चालत… जमेलही. नाहीही जमणार."

"आणि ती समोर दिसते ती पलीकडची बाजू ना?"

"बेट असेल," ते म्हणाले, आणि पुढची फोड उचलता उचलता, "बहुतेक."

हा फिनलंडच्या पूर्वेकडचा सावो प्रांत. इथल्या लोकांबद्दल बाकीच्या देशात एक म्हण आहे, की सावोचा माणूस बोलायला लागला की जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. सरळ 'हो' किंवा सरळ 'नाही' हे त्यांना उद्धटपणाचं वाटत असावं. पुणेरी उत्तराच्या बरोबर उलट टोक. (आजोबांना मी 'तू' म्हणते. फिनिशमध्ये 'तुम्ही' आहे, पण रोजच्या बोलण्यात ते कुणी काढत नाही. आईला फोनवर सांगताना मात्र आजोबा आपोआप 'ते म्हणाले' होतात.)

घरी येऊन नकाशा उघडला तेव्हा कळलं, मी काय विचारून बसले होते. सायमा या सरोवराचं पाणी साधारण ४,४०० चौरस किलोमीटर, त्यात जवळपास १४,००० बेटं, आणि बेटांचे काठ धरून किनारा सुमारे १५,००० किलोमीटर. अख्ख्या महाराष्ट्राचा समुद्रकिनारा ७२० किलोमीटर म्हणून आपण भूगोलात पाठ केलेला. रोज २० किलोमीटर चालले तरी माझी चक्कर दोन वर्षांत पुरी झाली नसती, आणि बेटांवर उडी मारत जायचं कसं हा प्रश्न उरलाच असता. 'जमेलही' म्हणाले हा आजोबांचा चांगुलपणा.

नकाशात पाणी जमिनीत शिरलंय की जमीन पाण्यात, ते ठरवता येत नाही. एक गोष्ट मात्र लगेच दिसते. सगळे आकार एकाच दिशेला लांबलेले आहेत, वायव्येकडून आग्नेयेकडे, कुणीतरी ओल्या केसांतून फणी फिरवावी तसे. ती फणी बर्फाची. तिच्याकडे येतेच.

आधी मोजणीचं सांगते, कारण तिथे मी जरा अडखळले. फिनलंडमध्ये १,८७,८८८ तळी आहेत. हा आकडा इथे पुष्कळांच्या तोंडी असतो. पण तळं कशाला म्हणायचं? या मोजणीपुरती अट होती ५०० चौरस मीटर, म्हणजे ५ आर. सातबारा पाहिलेल्याला आर समजावून सांगायला नको. साधारण पाच गुंठे. पाच गुंठ्यांत आमच्याकडे भावकीचे दोन दावे उभे राहतात, इथे तेवढ्यात एक तळं होतं. हेक्टरभराच्या वरचीच धरली तर आकडा ५६,००० वर येतो. बरं, मग सायमा एक धरायचा की अनेक? हापावेसी, पिहलायावेसी, हाउकिवेसी, पुरुवेसी अशी त्याच्या अंगांना वेगवेगळी नावं आहेत. 'वेसी' म्हणजे नुसतं पाणी. कुठे अमक्या झाडाचं पाणी, कुठे तमक्या माशाचं. पण पातळी सगळीकडे जवळजवळ तीच, समुद्रसपाटीपासून ७६ मीटर. म्हणून हिशेबात ते एकच. माझ्या कारखान्यातल्या हजेरीपटावरही हाच भूगोल सांडलेला आहे : एकाच्या आडनावात प्रवाह, दुसऱ्याच्यात बेट, तिसऱ्याच्यात भूशिर, चौथ्याच्यात खळाळ. आपण गावाच्या नावाला 'कर' लावून आडनाव केलं, यांनी गाव वसायच्या आधीचं उचललं.

आईचा पहिला प्रश्न वेगळाच होता. "इतकं पाणी म्हणजे पाऊस महाबळेश्वरसारखा असेल ना गं?"

नाही. इथे वर्षाला साधारण ६०० ते ६५० मिलिमीटर पडतो, त्यातलाही बराचसा बर्फ होऊन. पुण्यापेक्षा कमीच. महाबळेश्वर एवढं पाणी जुलैच्या एका जोरदार आठवड्यात ओतून मोकळं होतं. हे ऐकून आईला वाटलं मी काहीतरी चुकीचं वाचलंय, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. पण पाण्याचा हिशेब पडण्याचा नसतो, जाण्याचा असतो. इथे थंडी, म्हणून वाफ कमी. खाली ग्रॅनाइट आणि त्याच्या भावंडांचा टणक खडक, जवळजवळ १९० कोटी वर्षांचा, म्हणून मुरणंही बेताचं. जमीन सपाट. आणि मुख्य म्हणजे बाहेर जायला वाटा नीट झालेल्याच नाहीत.

वाटा कोण करतं? नद्या. आमच्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणावर नद्यांना कोट्यवधी वर्षं मिळाली. त्यांनी दऱ्या कापल्या, खिंडी पाडल्या, जिथे जिथे पाणी तुंबलं असेल तिथले काठ फोडून टाकले. म्हणून महाराष्ट्रात आपोआप झालेली तळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाणी थांबवायचं तर भिंत बांधावी लागते. वाईच्या वरच्या अंगाला धोम आहे, ते तसंच. सावोतला खडक आपल्यापेक्षा कितीतरी म्हातारा, पण त्याच्यावरची नद्यांची पिढी अगदी कालची. बर्फ इथून हटून जेमतेम ११,००० वर्षं झाली. इथल्या नद्या अजून शिकाऊ आहेत.

आणि लोणार? ते आपलं आपोआप झालेलं, पण आकाशातून पडलेलं. त्याचाही इथे एक नातेवाईक आहे. सावोनलिन्नाच्या ईशान्येला पासेल्का नावाचं पाणी आहे, चांगलं दहाएक किलोमीटर रुंद, गोलसर, खोल, आणि मधे एकही बेट नाही. बेटांनी गजबजलेल्या सायमात असं मोकळं गोल पाणी दिसलं की समजावं, इथे वरून काहीतरी येऊन आदळलंय. २३ कोटी वर्षांपूर्वीची उल्का, असं भूगर्भवाले सांगतात. गावकरी पूर्वापार सांगत आलेत ते 'पासेल्काची भुतं', म्हणजे रात्री पाण्यावर फिरणारे उजेडाचे गोळे. आजोबांना विचारलं, तुम्ही पाहिलेत का? उत्तर काय आलं असेल ते आता तुम्हीच सांगाल.

तर ती फणी. हिमयुगात या सगळ्यावर दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता आणि तो वायव्येकडून सरकत होता. खडकाच्या जुन्या भेगा त्याने खरवडून रुंद केल्या. त्या भेगांत आज पाणी आहे. पण बर्फाने दुसरी एक गोष्ट केली, ती मला खरवडण्यापेक्षा जास्त चकित करते. त्याच्या ओझ्याने जमीन खाली दबली. बर्फ गेला, ओझं उतरलं, आणि जमीन परत वर यायला लागली. अजून येतेच आहे. पश्चिमेला बोथनियाच्या आखाताच्या काठी, जिथे बर्फ जास्त जाड होता, तिथे वर्षाला ८-९ मिलिमीटर. आपलं बोटाचं नख तीन महिन्यांत वाढतं तेवढी. इकडे आग्नेयेला त्याहून बरीच कमी.

परातीत पाणी घ्या आणि एक कड अगदी हळू, हजारो वर्षं लावून, उचलत राहा. सायमाचं तसं झालं. आधी या पाण्याची वाट वायव्येला होती, आखाताकडे. ती कड उचलत गेली तशी वाट बंद झाली, आणि पाणी दक्षिणेला चढायला लागलं. दक्षिणेला आडवा बांध होता, साल्पाउसेल्का. बर्फाची कड मागे हटता हटता काही शतकं एका जागी थबकली, तेव्हा तिच्यातून वाहून आलेल्या वाळूगोट्यांची ही शेकडो किलोमीटर लांब रांग. 'साल्पा' म्हणजे अडसर. दाराला आतून घालतो तो. पाणी अडसराला टेकून उभं राहिलं, आणि सुमारे ६,००० वर्षांपूर्वी, आज इमात्रा आहे तिथे, ते अडसर फोडून बाहेर पडलं. वुओक्सी नदीचा जन्म हा असा. मी लहानपणापासून नदीचा उगम म्हणजे महाबळेश्वरच्या देवळातलं गोमुख आणि त्यातून पडणारी शांत बारीक धार असं समजत आलेले. बांध फुटून जन्माला आलेली नदी मी पहिल्यांदाच ऐकली. ती आजही सायमाची एकमेव मोठी वाट. सेकंदाला साधारण ६०० घनमीटर पाणी घेऊन रशियातल्या लाडोगा सरोवराला जाते.

इमात्राचा खळाळ बघायला १७७२ मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरीन आली होती. १९२९ मध्ये तिथे वीजकेंद्र झालं आणि खळाळ आटला. आता उन्हाळ्यात ठरलेल्या वेळी दारं उघडून थोडा वेळ पाणी सोडतात, सोबत संगीत लावतात. मी पाहिलं. लोक टाळ्या वाजवत होते. मला उगाच अवघडल्यासारखं झालं, वाघाला स्टुलावर बसवल्यावर होतं तसं.

त्यापेक्षा आस्तुवानसाल्मी बघावं. मिक्केलीच्या बाजूला सायमाच्या एका फाट्यावर उभा कडा आहे. त्याच्यावर गेरूच्या रंगाने काढलेली साठ-सत्तर चित्रं : एल्क नावाचं मोठं सांबर, हात पसरलेली माणसं, होड्या. पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची. १९६८ मध्ये पुन्हा उजेडात आली. चित्रं डोक्याच्या कितीतरी वर, पाण्यापासून आठ-दहा मीटर उंचीवर. मी आजोबांना विचारलं, शिड्या लावून काढली असतील का?

"होडीतून," ते म्हणाले. या एका प्रश्नाला त्यांनी सरळ उत्तर दिलं.

तेव्हा पाणी तिथवर होतं. होडीत उभं राहून, किंवा हिवाळ्यात बर्फावर उभं राहून, हात पुरेल तिथे काढलेली चित्रं. मग वुओक्सीने अडसर फोडला, पाणी उतरत गेलं आणि चित्रं वर राहिली. जितकं वरचं चित्र तितकं साधारणपणे जुनं. कड्यावर पाण्याच्या पातळीची रोजनिशीच आहे म्हणायची, फक्त नोंदी आकड्यांऐवजी एल्कमध्ये.

आई दुसऱ्या वर्षी जूनमध्ये आली. हेलसिंकीहून मोठ्या गाडीने पारिक्कालापर्यंत, आणि तिथून एका डब्याची छोटी गाडी सावोनलिन्नाला. गाडी पारिक्कालाहून सुटली तशी तिने पर्स उघडून सुट्टी नाणी काढून ठेवली. पूल आला की नदीला पैसा वाहायचा, हात जोडायचे. आमच्या घरात हे कृष्णेपासून गंगेपर्यंत चुकलेलं नाही. पहिलं पाणी आलं. खिडकी उघडेना. इथल्या गाडीच्या खिडक्या उघडतच नाहीत, हे तिला सांगायचं मी विसरले होते. "असू दे," म्हणाली, आणि नाणं रुमालाच्या टोकात बांधलं. उतरल्यावर वाहू. दुसरं पाणी आलं. आणखी एक नाणं. मग तिसरं. पुंकाहार्यु जवळ आलं तशी गाडीच्या डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी, मधे झाडं, परत पाणी. रुमालाची गाठ लिंबाएवढी झाली. सुट्टे संपले. माझ्याकडचे घेतले, तेही संपले.

"अगं, हे एकच तळं आहे की वेगवेगळी?" तिने अखेर विचारलं. "एकालाच किती वेळा वाहायचं?"

१,८७,८८८ चा आकडा मोजणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता, असं मी तिला सांगितलं. ती काही प्रभावित झाली नाही.

उधारी तिने दुसऱ्या दिवशी फेडली. ओलाविनलिन्ना हा किल्ला आमच्या गावाची शान. १४७५ मध्ये, तेव्हाच्या स्वीडिश राज्याची पूर्वेची हद्द राखायला, पाण्यातल्या एका खडकावर बांधलेला. १७४३ मध्ये तो रशियाकडे गेला, १९१२ मध्ये आइनो आक्ते या गायिकेने त्याच्या आवारात ऑपेराचा महोत्सव सुरू केला, आणि आता जुलैत गावात पाय ठेवायला जागा नसते. आईला यातलं काही नको होतं. ती किल्ल्याला जाणाऱ्या पुलावर थांबली आणि वाकून खाली बघत राहिली. तिथे हापावेसीचं पाणी क्युरोनसाल्मीच्या चिंचोळ्या वाटेने पिहलायावेसीत जातं, आणि जाताना चांगलं वेगाने वळत जातं. हिवाळ्यातही तिथला ओढ असलेला पट्टा गोठत नाही. "हे वाहतंय," ती म्हणाली. "हे चालेल." सगळी गाठ तिथे सोडली. मग बाजारात जाऊन आम्ही लोर्त्सू खाल्ला. सावोनलिन्नाचा खास पदार्थ, अर्धचंद्रासारखा, आत सफरचंदाचा मुरंबा किंवा खिमा, बाहेरून तळलेला. आईने तो उलटसुलट करून पाहिला. "करंजीच आहे. जरा अंगाने भरली."

त्या आठवड्यात पुंकाहार्युला परत गेलो, चालायला. हा सात किलोमीटर लांब, अरुंद, पाइनने भरलेला कणा आहे. एका अंगाला पुरुवेसी, दुसऱ्या अंगाला पिहलायावेसी. पुरुवेसीचं पाणी काचेसारखं. बाकी बऱ्याच ठिकाणी ते दलदलींतून झिरपत येतं म्हणून कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं. आईने ओंजळीत घेऊन खात्री करून घेतली. या कण्याची कथा मी तिला जमेल तशी सांगितली. बर्फाच्या पोटात, तळाशी, भुयारातून नदी वाहत होती. तिने आपल्या पात्रात वाळू आणि गोटे भरले. मग भोवतालचा बर्फ वितळून गेला, भुयाराच्या भिंती गेल्या, छत गेलं, आणि पात्रातला गाळ तेवढा टेकडी होऊन उभा राहिला. अशा टेकडीला इथे 'हार्यु' म्हणतात.

"म्हणजे आपण नदीत चालतोय?"

"नदीच्या तळावर."

तिने चपला काढल्या. थोडं चालून मुंग्या चावल्यावर परत घातल्या. १८०३ मध्ये झार पहिला अलेक्झांडर इथे आला आणि इथली झाडं तोडू नका असं सांगून गेला, म्हणतात. तेव्हापासून या कण्याला कुणी फारसं छेडलेलं नाही. अनेक ठिकाणी अशा टेकड्या रस्त्याच्या खडीसाठी खणून काढल्यात. हिमयुगाने आयती चाळून ठेवलेली वाळू, माणूस कशाला सोडेल.

फिनिशमधला 'सेल्का' हा शब्द मला याच वेळी उलगडला. सेल्का म्हणजे पाठ. माणसाची, घोड्याची. मग डोंगराची धार, जशी साल्पाउसेल्का. आणि तोच शब्द बेटं नसलेल्या मोकळ्या, वारा खाणाऱ्या पाण्यालाही, जसा पासेल्का. म्हणजे जमिनीचा उंचवटा आणि पाण्याचा सपाट विस्तार, दोन्हीला एकच नाव. आधी मला ही भाषेची आळशीपणाची तऱ्हा वाटली. आपण पाण्याला पोट देतो, सागराच्या पोटात काय दडलंय म्हणतो. पाठ दिल्याचं आठवत नाही. पण एका ऑगस्टमध्ये आजोबांच्या होडीतून अशा एका सेल्कावर वारा सुटला आणि खालून पाणी उचलायला लागलं, तेव्हा मी होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, खोगीर नसलेल्या घोड्यावर बसल्यासारखी. शब्दाबद्दलची तक्रार तिथेच मागे घेतली.

पाणी इतकं, तरी एके काळी इथल्या लोकांना जमिनीची भूक होती. गाईगुरांना गवत हवं, आणि कुरणं मिळायची तर तळ्याच्या तळाशी. म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तळी 'उतरवायचे'. चर खणायचा, पाणी थोडं काढून द्यायचं, उघडी पडलेली गाळाची जमीन वहिवाटीला घ्यायची. योएनसू गावाजवळ होयतिआइनेन नावाच्या मोठ्या तळ्याला असा कालवा काढत होते. बेत बेताचाच होता. ऑगस्ट १८५९ मध्ये कालव्याने लगाम तोडला. पाणी मऊ वाळूचा काठ खात सुटलं आणि तळ्याची पातळी साडेनऊ मीटर खाली गेली. सुमारे १७० चौरस किलोमीटर तळ उघडा पडला. काठावरची घरं पाण्यापासून दूर जाऊन बसली, आणि सगळा लोंढा खालच्या अंगाला सायमाच्या पाण्यात येऊन पडला. मला यात गंमत वाटते ती अशी, की वाळूचा बांध जरासा कोरला की काय होतं हे वुओक्सीने ६,००० वर्षांपूर्वी दाखवून ठेवलंच होतं. फक्त तेव्हा लिहून ठेवणारा कुणी नव्हता. एल्क काढणारे होते.

समुद्राकडे जायची वाट माणसाने केली ती जास्त नेटकेपणाने. १८५६ मध्ये, बोटी पायरी-पायरीने खालीवर नेणाऱ्या २८ लॉकगेटांचा सायमा कालवा उघडला, लाप्पेएनरांतापासून व्हिबोर्गपर्यंत. दुसऱ्या महायुद्धात व्हिबोर्ग आणि अर्धा कालवा रशियाकडे गेला. मग तो भाग भाड्याने घेऊन, लॉकगेटांची संख्या आठवर आणून, १९६८ मध्ये परत सुरू केला. २०२२ नंतर मालवाहतूक जवळजवळ थांबली आहे. आजोबा कधीकाळी लाकडाच्या बोटींवर होते. त्यांना या विषयावर बोलायला आवडत नाही, तेव्हा मीही सोडते.

समुद्राची वाट बंद झाल्याचं सगळ्यात जुनं गाऱ्हाणं नोर्प्पाचं. नोर्प्पा म्हणजे सायमातला सील. बर्फ ओसरला, जमीन वर आली, आणि समुद्रातले काही सील आतच राहिले. साडेनऊ-दहा हजार वर्षं ते गोड्या पाण्यात आहेत, आणि जगात दुसरीकडे कुठे नाहीत. १९८० च्या दशकात ते दीडशेच्या आसपास उरले होते, आता चारशेच्या वर गेलेत. मादी फेब्रुवारी-मार्चमध्ये काठाशी साठलेल्या बर्फाच्या ढिगात बीळ करते आणि तिथे पिल्लाला जन्म देते. अलीकडे काही हिवाळे बर्फाविना जातात. तेव्हा माणसं फावडी घेऊन जातात आणि तिच्यासाठी ढीग रचून ठेवतात. आणि १५ एप्रिल ते ३० जून त्यांच्या पाण्यात जाळी लावायला बंदी. मी नोर्प्पा एकदाच पाहिला, मे महिन्यात, एका खडकावर. आजोबांनी वल्ही थांबवली. तो आमच्याकडे बघत होता, तोंड थेट दुपारी झोपमोड झालेल्या माणसाचं. आम्ही उलटे फिरलो.

आता डब्याची गोष्ट. आजोबांची मोक्की, म्हणजे लाकडाची उन्हाळी झोपडी, एका बेटावर आहे. आमच्या काठावरून दिसते. गेल्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीला आली, आणि त्याच शनिवारी मोक्की हिवाळ्यासाठी बंद करायला आम्ही गेलो. सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवला, गरम दगडांवर शेवटचं पाणी मारलं, खिडक्यांना फळ्या लावल्या. परत येऊन होडी ओढून वर काढली, उलटी घातली, वर ताडपत्री बांधली. रात्री फोनवर आईने विचारलं, "फराळ आवडला का त्यांना? डबा आणलास ना परत?"

स्टीलचा डबा, झाकणावर तिचं नाव कोरलेला, बेटावर टेबलावर राहिला होता.

आजोबांना सांगितलं. त्यांनी उलट्या होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बर्फ येईल," ते म्हणाले.

बर्फ आला, पण लगेच चालण्याजोगा होत नाही. फिनिशमध्ये केलीरिक्को असा एक शब्द आहे. होडी घालावी तर बर्फ आडवा येतो, पाय ठेवावा तर तो तुटतो. ना पाणी ना जमीन, अशा त्या मधल्या आठवड्यांचं ते नाव. बेटांवरची माणसं या दिवसांचा किराणा आधीच भरून ठेवतात. रोज सकाळी कामाला जाताना मला ती झोपडी दिसायची, जेमतेम किलोमीटरभर लांब. दर रविवारी आई विचारायची, "डबा?" मी म्हणायचे, "केलीरिक्को." तिसऱ्या रविवारी तिने तो शब्द उचलला आणि बाबांचं कुठलंही रेंगाळलेलं काम आता वाईत केलीरिक्को असतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, उणे १८ असताना, आजोबांनी दार वाजवलं. हातात बर्फाला भोकं पाडायचा गिरमिट, गळ्यात दोरीला बांधलेले दोन टोकदार खिळे. बर्फ फुटून आत पडलं तर हे काठाला रोवून बाहेर यायचं. तसलीच एक जोडी त्यांनी माझ्याही गळ्यात घातली. चालणाऱ्या माणसाला पाच सेंटिमीटर पुरतो, तोही काळा नितळ बर्फ हवा, ज्याला इथे पोलादी म्हणतात. मोटारीला वीस लागतो. त्यांनी काठापासून थोडं आत जाऊन भोक पाडलं, पट्टी घातली. तीस.

"ते तळ्याला चक्कर मारायचं म्हणत होतीस ना," ते म्हणाले. "चल आता."

पुलापासून आणि ओढीच्या पट्ट्यापासून लांब राहत, त्यांना माहीत असलेल्या एका वाकड्या रेषेने आम्ही निघालो. मधेच बर्फातून खालून घुमल्यासारखा आवाज आला, लांबून येऊन पायाखालून पुढे गेला. मी उभीच राहिले. "थंडी वाढली की ताणला जातो," आजोबा न थांबता म्हणाले. "गप्प असला तर काळजी करायची."

झोपडीत आतही उणे १५ असेल. डबा टेबलावर होता. झाकण चिकटलं होतं, ते आजोबांनी सुरीच्या मुठीने ठोकून काढलं. चिवडा संपला होता. तळाशी चार करंज्या, दगडासारख्या. त्यांनी थर्मासमधून कॉफी ओतली, एक करंजी कपावर वाफेला धरली, नरम होईपर्यंत बघत बसले, मग खाल्ली. खोबऱ्यापाशी जरा थांबले.

"लोर्त्सू आहे," म्हणाले. "पण कमी पडलाय."

आणि दुसरी उचलली.